साथीत गाव किती दिवस बंद राहू शकतं? कोकणातले अनुभव हवेत

खाडीपलीकडे
पुढची साथ आली तर गाव किती दिवस बंद ठेवता येईल? आमच्या ग्रामपंचायतीचा आपत्ती आराखडा नव्याने लिहायला घेतलाय, म्हणून विचारतोय. पूर, दरड, वादळ यांची पानं नीट भरलेली आहेत. साथीच्या पानावर एकच ओळ आहे, 'शासनाच्या आदेशानुसार कार्यवाही करावी.' कोरोनातून गेल्यावरही तेवढीच ओळ ठेवायची, हे मनाला पटत नाही.

माझं मत आधी सांगतो. दिवसांचा एकच आकडा निघणार नाही. बंद टिकतो तो तीन गोष्टींवर. घरात धान्य असावं लागतं, कधी उघडणार ते माहीत असावं लागतं आणि नियम सगळ्यांना एकच असावा लागतो. २५ मार्च २०२० ला, ऐन पाडव्याच्या दिवशी, २१ दिवसांचा बंद सुरू झाला तेव्हा आमच्याकडे लोकांनी तो मनापासून पाळला. मग १४ एप्रिलची तारीख ३ मे झाली, ३ मेची १७ मे, १७ ची ३१ मे. तारीख सरकत गेली तसा माणसांचा धीर सुटत गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तुमच्या गावात काय टिकलं, काय मोडलं ते लिहा. पक्षांची भांडणं नकोत.

हर्णैचा_वारा
बंदीची सवय कोणाला असेल तर ती आम्हा दर्यावाल्यांना. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारतो, जाळी दुरुस्त करतो. तांदूळ, मसाला, सुकी मासळी, लाकूडफाटा, सगळी आगोट मे महिन्यातच भरलेली असते. दोन महिने कोणी कुरकुरत नाही, कारण नारळी पौर्णिमा कधी आहे ते कॅलेंडरात छापलेलं असतं.

२०२० ची बंदी मार्चमध्ये आली. ज्या दोन महिन्यांच्या कमाईवर आगोट भरायची तेच गेले. १० एप्रिलला केंद्राने मासेमारीला सूट दिल्याची बातमी आली. पण बर्फाचा कारखाना बंद, डिझेलला जायचं तर वाटेत नाका, बंदरावरचा लिलाव गर्दीमुळे बंद, निर्यातवाल्यांचे ट्रक बंद. मासळी आणून ठेवायची कुठे? धंदा ही साखळी आहे, एक कडी चालू करून भागत नाही. त्या वर्षी पावसाळी बंदी १५ जूनपासून धरली होती, म्हणजे कागदावर पंधरवडा जास्तीचा मिळाला. त्या पंधरवड्यात ३ जूनला निसर्ग वादळ आलं.

आमच्या होडीवरचे नेपाळी खलाशी होडीवरच अडकले. गावात उतरू देईनात आणि घरी जायला गाडी नाही. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, रोज संध्याकाळी भाताचा टोप आणि कालवण छोट्या होडीतून पोचवायचा. एका पोराच्या बायकोचे दिवस भरत आलेले, तो रेंज मिळावी म्हणून डोलकाठीला टेकून उभा असायचा. मुलगी झाल्याचं त्याला दोन दिवसांनी कळलं. आराखड्यात गावाची माणसं मोजाल तेव्हा अशी माणसंही मोजा.

माडाखाली
वाचतेय. चांगला धागा.

रापणकर_मालवण
आमच्या बाजूक रापण लागली ती गावानच खाल्ली. इकूक बाजार नाय, म्हणान वाटली. पयले आठ-पंधरा दिवस बरा वाटला. पण नुसत्या माशार घर चलता काय? तेल, साखर, म्हाताऱ्याची औषधा, सगळ्याक पैसो लागता. किती दिवस ह्या इचारशात तर माझा उत्तर, डब्यातलो पैसो सरापर्यंत.

परळ_ते_राजापूर
'गाव किती दिवस बंद राहील' या प्रश्नात गावाबाहेर राहणारे आम्ही कुठे आहोत? परळला दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहाजण होतो, संडास मजल्यावर सामाईक. 'घरात राहा' ही सूचना आम्हाला पाळताच येत नव्हती. माझ्या मजल्यावरची दोन कुटुंबं पनवेलच्या पुढे रेल्वेच्या रुळांच्या कडेने चालत निघाली होती.

मे महिन्यात ई-पास मिळाला. गावच्या वेशीवर बांबू आडवा. मुलांना घेऊन शाळेत चौदा दिवस. शाळेच्या व्हरांड्यातून आमचं अंगण दिसतं. आई सकाळी तुळशीला पाणी घालायला आली की हात करायची आणि दुपारी गड्याबरोबर जेवण पाठवायची. बांबू घालणारा माझ्या वर्गातला. माझा त्याच्यावर राग नाही. पण त्या वर्षी 'मुंबईवाले' हा शब्द ज्या सुरात ऐकला तो विसरता येत नाही. नळपाणी योजना, देवळाचा सभामंडप, पालखीचा खर्च, सगळ्यात मुंबई मंडळाची वर्गणी आहे.

वाडीप्रमुख
परळ_ते_राजापूर, बांबूच्या दुसऱ्या बाजूला मी उभा होतो. आमच्या वाडीत मुंबईला गेलेल्यांचे आईबाप राहतात. साठीच्या आतली माणसं बोटावर मोजण्याइतकी. आरोग्य केंद्र घाट उतरून, तिथे डॉक्टर एक. तेव्हा आम्ही घाबरलो होतो आणि घाबरायला कारण होतं. ग्रामकृती दलात कोणाला पगार नव्हता, रात्रपाळीला कंदील घेऊन बसायचो. आलेल्यांना पाणी, तांदूळ, सरपण आम्हीच पोचवलं.

वाईट वाटतं ते एका गोष्टीचं. कोणाला कुठे ठेवायचं ते वेशीवर ठरवायची वेळ आली. शाळेत संडास एक आणि माणसं तीस. हे आधी ठरलेलं असतं तर अर्धी भांडणं झालीच नसती.

परळ_ते_राजापूर
तुमचं म्हणणं पटतं. कंदिलाचं माहीत नव्हतं.

गावपळण_पाहिलेली
माझं माहेर आचऱ्याजवळ. 'गाव बंद' ही गोष्ट आमच्याकडे परंपरेत आहे, म्हणून लिहिते. आचरा, चिंदर, वायंगणी या गावांत काही वर्षांनी गावपळण होते. देवाचा कौल झाला की सगळं गाव, गुरं, कोंबड्या, कुत्रीमांजरं घेऊन वेशीबाहेर रानात राहायला जातं. तीन दिवस गावात चूल पेटत नाही. परत कौल मिळाला की घरी. जुनी माणसं सांगतात की याच्या मुळाशी साथीचे रोग असावेत. खरंखोटं ठरवायला माझ्याकडे पुरावा नाही, पण लहानपणी राहुटीत घालवलेल्या त्या रात्री आठवतात.

त्यात दोन गोष्टी नीट दिसायच्या. सगळे जातात, इनामदाराच्या घरचे आणि मजुराच्या घरचेही. आणि कोणी एकटं पडत नाही. आमच्या शेजारची आजी एरवी कोणाकडे जात नसे, ती गावपळणीत चार घरच्या चुलींवर बसून जेवायची. २०२० मध्ये 'अंतर ठेवा' सांगितलं आणि माणसं खरंच एकमेकांपासून लांब गेली. रोगासाठी अंतर हवं होतं, मान्य. पण एकट्या म्हाताऱ्यांना रोज हाक मारायला कोण जाणार, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दूरचा_दिवा
गावपळण_पाहिलेली, प्रतिसाद आवडला, पण तीन दिवस आणि तीन महिने यांची तुलना मला मान्य नाही. तीन दिवस कोणीही काढेल.

बाहेरचे अनुभव बघू. मेलबर्न शहर २०२० आणि २०२१ मिळून सहा टाळेबंदींत २६२ दिवस बंद होतं. निदर्शनं झाली, लोक चिडले, तरी बहुसंख्यांनी पाळलं. पण तिथल्या सरकारने २०२० मध्ये बंद पडलेल्या धंद्यांतल्या कामगारांच्या पगाराला महिनोन्महिने हातभार लावला होता. उलट शांघाय २०२२ मध्ये मार्चअखेरपासून १ जूनपर्यंत बंद ठेवलं, तिथे अडीच कोटी लोकांच्या शहरात भाजीसाठी हाल झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चीनच्या अनेक शहरांत लोक रस्त्यावर आले आणि डिसेंबरात सरकारने ते धोरणच गुंडाळलं. एवढ्या कडक राजवटीलाही ते पुढे रेटता आलं नाही.

आणखी एक. मार्च २०२० मध्ये ब्रिटनमध्ये चर्चा होती की लोक लवकर कंटाळतील, म्हणून बंद उशिरा सुरू करावा. सहाशेहून जास्त वर्तनशास्त्रज्ञांनी पत्र लिहून याचा पुरावा मागितला. पुढे लोकांनी अपेक्षेपेक्षा जास्त काळ पाळलं. तेव्हा 'लोकच ऐकत नाहीत' असं म्हणून हात झटकू नयेत. पोटापाण्याची सोय केली तर लोक ऐकतात.

रत्नागिरीचा_राजू
स्वीडनचं नाव कसं नाही काढलंत? त्यांनी बंद केलाच नाही आणि जगले की.

सिस्टर_सिंधुदुर्ग
राजू, स्वीडनमध्ये पहिल्या लाटेत वृद्धाश्रमांतले खूप लोक गेले. शेजारच्या नॉर्वे-फिनलंडपेक्षा तिथे मृत्यू कितीतरी जास्त झाले. 'जगले की' म्हणताना जे गेले त्यांचीही आठवण ठेवू या.

मी शासकीय रुग्णालयात परिचारिका आहे. बंद कशासाठी असतो ते नीट सांगते, कारण हेच लोकांना कोणी समजावलं नाही. बंदाने रोग मरत नाही. बंदामुळे वेळ मिळतो. मार्च २०२० मध्ये आमच्याकडे तपासणीची सोय नव्हती. घशाचे नमुने घेऊन गाडी मिरजेला जायची, अहवाल येईपर्यंत संशयित रुग्ण आणि आम्ही एकाच छताखाली. किट घातलं की पाच-सहा तास पाणी प्यायचं नाही, कारण काढलं तर दुसरं किट नाही. बंदाच्या काळात प्रयोगशाळा आली, खाटांपर्यंत ऑक्सिजनची पाइप आली, व्हेंटिलेटर लावायला आम्ही शिकलो. तो वेळ मिळाला नसता तर काय झालं असतं ते मला २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये कळलं. तेव्हा पाइप होती, माणसं शिकलेली होती, तरी टँकर वेळेवर येईल का म्हणून रात्र रात्र दाराकडे डोळे लावून बसलो होतो.

म्हणून 'किती दिवस' यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे. बंद वाढवायचा असेल तर आधी सांगा, मागच्या पंधरा दिवसांत काय तयार झालं? किती खाटा, किती सिलिंडर, किती माणसं? सांगता येत नसेल तर लोकांकडून पुढचे पंधरा दिवस मागायचा हक्क नाही.

माडाखाली
सिस्टर, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला हजार वेळा अनुमोदन.

जुनं_दप्तर
थोडा इतिहास. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेगचे रुग्ण सापडले. लाखो लोक मुंबई सोडून गेले, त्यात कोकणातले गिरणी कामगार खूप होते. १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि तोच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. १८९७ ला अंमलबजावणी कशी झाली? घरात शिरून झडत्या, बायकांची उघड्यावर तपासणी, सामानाची जाळपोळ, माणसांना जबरदस्तीने छावणीत नेणं. जून १८९७ मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, पुढे मुंबईत दंगल झाली आणि शेवटी सरकारला सक्ती सैल करावी लागली. प्लेग मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं राहिला.

आता दुसरी बाजू. जून १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरात उतरला. तेव्हा देशभर बंद वगैरे काही झालं नाही. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. बंद न करण्याचीही किंमत असते आणि ती गरिबानेच जास्त मोजली.

रत्नागिरीचा_राजू
माहितीबद्दल धन्यवाद, १९१८ चं एवढं ठाऊक नव्हतं. माझा मुद्दा वेगळा आहे. दारूची दुकानं मे २०२० मध्ये उघडायला लागली, देवळं १६ नोव्हेंबरला उघडली. माझं गणपतीपुळ्याच्या वाटेवर नारळ-प्रसादाचं दुकान. आठ महिने शटर खाली. नियम सगळ्यांना सारखा हवा असं खाडीपलीकडे म्हणाले, तो कधीच सारखा नव्हता.

देवगडची_पेटी
बागायतदार म्हणून लिहिते. शेतीला सूट होती हे खरं, आणि ती नसती तर आम्ही संपलो असतो. आंबा थांबत नाही. मार्चअखेर तयार झालेलं फळ उतरवलं नाही तर झाडाखाली पडतं आणि उतरवून अढीत, म्हणजे गवतात, घातलं की आठ-दहा दिवसांत पिकतं. वाशीचा बाजार कधी चालू कधी बंद. गवत नाही, खोकी नाहीत, गाडीचा चालक नाक्यावर अडकलेला. पहिला तोडा निम्म्याहून जास्त कॅनिंगला गेला, मिळेल त्या दराला.

मग मुलीने व्हॉट्सॲपवर मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांचे गट शोधले. एक गाडी, एक परवाना, दोनशे पेट्या, गेटवर उतरवायच्या. दलालाशिवाय आंबा विकता येतो हे आम्हाला त्या वर्षी कळलं, आजही निम्मा माल तसाच जातो. चांगलंही झालं ते लिहायला हवं म्हणून लिहिलं.

माडाखाली
ताई, पुढच्या हंगामात आमच्या सोसायटीचं गेट लक्षात ठेवा. पेटी उतरवायला पन्नास हात तयार असतील!

पेटारा
आंब्याला सूट मिळाली, मासळीला मिळाली. दशावताराला कोण देणार? आमचा हंगाम कार्तिकातल्या जत्रांपासून पावसापर्यंत. २०२० ला मार्चमध्ये सोंगांचा पेटारा बंद झाला, पुढच्या वर्षीही जत्रा नावापुरत्या. आंगणेवाडीची जत्रा २०२१ मध्ये आंगणे कुटुंबीयांपुरतीच झाली, मग लहान गावांची काय कथा. कलाकाराला नाइटवर, म्हणजे प्रयोगावर, पैसे मिळतात. नाइट नाही तर काही नाही. आमच्या कंपनीत राजाचं काम करणारा रेशनच्या रांगेत पिशवी घेऊन उभा राहिला, तेव्हा मागच्या पोरांनी 'महाराज, पुढे या' म्हणून त्याला जागा दिली. त्या पाच किलो तांदळाने घर जगलं, हे मान्य करतो. पण कलाकार तांदळावर जगतो, कला जगत नाही. दोघं चांगले स्त्रीपार्टी गोव्यात हॉटेलात लागले, ते परत आलेच नाहीत.

झेडपी_बाई
माझ्या मते सगळ्यात लांब बंद शाळांचा झाला आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं गेलं. मार्च २०२० ला बंद झालेले पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ ला उघडले. हॉटेलं, बस, बाजार, लग्नं सगळं त्याआधी चालू झालं होतं. दुसरीच्या पटावरची मुलं पहिलीत वर्गात कधी बसलीच नव्हती. पहिल्या दिवशी एका मुलाने पेन्सिल मुठीत धरली, खुरपं धरतात तशी, आणि पानभर रेघा ओढल्या. घरी आजीबरोबर भाजीच्या वाफ्यात बसायचा तो. ऑनलाइन शिक्षणासाठी आमच्या वाडीत एकच जागा, सड्यावरचा कातळ. पावसात तिथे छत्री धरून मोबाईल बघणाऱ्या मोठ्या मुली मी पाहिल्यात. त्यातल्या दोघींची लग्नं दहावीआधीच ठरली.

गावात रुग्ण नसतानाही शाळा बंद, कारण आदेश राज्याचा. गावाला ठरवायची मुभा असती तर झाडाखाली, पारावर, पाच-पाच मुलं घेऊन वर्ग भरला असता. आम्ही काही शिक्षकांनी तसा भरवलाही, गुपचूप. खाडीपलीकडे, तुमच्या पानावर हे नक्की लिहा. शाळा सगळ्यात शेवटी बंद आणि सगळ्यात आधी चालू.

सिस्टर_सिंधुदुर्ग
बाई, पहिल्या काही आठवड्यांत शाळा बंद ठेवणं बरोबर होतं, रोगाची माहितीच नव्हती. मुलं घरी आजीआजोबांच्या कुशीत झोपतात. 'सगळ्यात शेवटी बंद' मला मान्य नाही. 'सगळ्यात आधी चालू' पूर्ण मान्य.

झेडपी_बाई
ठीक. अर्धं तरी मान्य झालं. :)

केळशीची_पोफळ
निसर्गचा उल्लेख वर झाला, त्यावर थोडं. ३ जून २०२० ला दुपारी आमच्या आळीतल्या बहुतेक घरांची कौलं उडाली. ज्या एका घराला स्लॅब होती तिथे सगळी आळी गेली. कुठलं अंतर आणि कुठला मास्क. त्या घरात मुंबईहून आलेले, विलगीकरणात असलेलेही आम्ही घेतले, बाहेर मरायला ठेवणार होतो का?

खरे हाल दुसऱ्या दिवसापासून. पोफळी आडव्या, रस्ता बंद, वीज कित्येक आठवडे नाही. एरवी वादळानंतर नातेवाईक, मंडळं, मजूर धावून येतात. त्या वर्षी येणाऱ्याला पास हवा. पत्रे, कौलं, कटरमशीन आणायला दापोलीला जायचं तर दुकानांना वेळेची बंधनं. पोफळ लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. कोरोना आमच्या घरातून पंधरा दिवसांत गेला, वादळ अजून गेलेलं नाही.

समुद्रकाठच्या गावाने साथीचं पान वेगळं आणि वादळाचं पान वेगळं लिहू नये. २०२१ ला निर्बंध चालू असतानाच मेमध्ये तौक्ते आलं आणि जुलैत चिपळूण बुडालं. बंद चालू असताना दुसरं संकट आलं तर कोणते नियम आपोआप उठतील, ते आधी लिहा.

हर्णैचा_वारा
केळशीची_पोफळ, शंभर टक्के. त्या दिवशी आमच्या दोन होड्या किनाऱ्यावरच फुटल्या. काढायला माणसं नव्हती.

वाडीप्रमुख
धागा भरकटला नाही हे विशेष. तर मूळ प्रश्न, किती दिवस? माझ्या वाडीपुरतं सांगतो, कडक बंद तीन आठवडे. त्यापुढे सामान आणायला, गुरांच्या वैद्याला, बँकेत, दवाखान्यात जावंच लागतं. त्यापुढचा बंद फक्त पोलिसांसाठी असतो.

दूरचा_दिवा
माझा अंदाज जास्त आहे, दोन-अडीच महिनेही जमतील, पण दर घराला रोख मदत मिळाली तर. २०२० मध्ये बायकांच्या जनधन खात्यात तीन महिने आले तसे महिन्याला पाचशे रुपये कुठवर पुरणार?

खाडीपलीकडे
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आराखड्यात घालण्यासाठी कच्चा मजकूर असा करतोय.

कडक बंद एका वेळी एकवीस दिवसांपेक्षा जास्त मागायचा नाही. वाढवायचा असेल तर सिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर फलकावर लिहायचं, काय तयार झालं ते आकड्यांसह. वर्षातून एकदा, मे महिन्यात, आगोटीच्या वेळीच गावाचं सामाईक तांदूळ-डाळीचं कोठार तपासायचं. बाहेरून येणाऱ्यांसाठी शाळेऐवजी सभामंडप आणि रिकामी बंद घरं, मालकांकडून लेखी परवानगी आधीच घेऊन. मुंबई मंडळाचे दोन प्रतिनिधी समितीत. होडीवरचे खलाशी आणि बागेतले राखणदार यांची नावं रेशनच्या यादीत. एकट्या वृद्धांची यादी आणि रोज हाक मारणाऱ्याचं नाव. शाळा, पाच-पाच मुलांचे वर्ग उघड्यावर. वादळाचा इशारा आला की अंतराचे नियम आपोआप स्थगित.

यातलं बरंच ग्रामपंचायतीच्या अधिकारात नाही, राज्याचा आदेश वर राहणारच. तरी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडणार आहे.

पेटारा
कलाकार राहिले.

खाडीपलीकडे
राहिले खरे. काय लिहू? पैसे द्यायची ताकद ग्रामपंचायतीत नाही.

पेटारा
पैसे नकोत. जत्रा रद्द झाली तरी देवस्थानाने ठरलेली बिदागी द्यायची, एवढं लिहा. पुढच्या वर्षी आम्ही तो नाटकाचा प्रयोग फेडू.

वाडीप्रमुख
हे आमच्या देवस्थान समितीसमोर मीही मांडतो. अवघड नाही.

रत्नागिरीचा_राजू
आणि देवळाबाहेरच्या दुकानांचं भाडं. बंद असेल त्या महिन्यांचं निम्मं तरी माफ.

सिस्टर_सिंधुदुर्ग
खाडीपलीकडे, 'कोठार तपासायचं' याच्या शेजारी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरही लिहा. २०२१ मध्ये देणगीतून आलेली यंत्रं बऱ्याच ठिकाणी खोक्यात पडून आहेत. दर महिन्याला अर्धा तास चालवून बघायची, फिल्टर धुवायचा, आणि वीज गेली तर जनरेटर कोणाच्या घरून आणायचा त्याचं नाव लिहून ठेवायचं. यंत्र कसं चालवायचं ते शिकवायला मी येईन. रविवार सांगा.